स्टिअरिंग हाती आले, कागद कधी येणार?

चाळीसगावची गोष्ट आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. १९२९ साली बाबासाहेब मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून खान्देशात आले होते. धुळ्याकडच्या एका गावातल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी करून परतताना लोकांच्या आग्रहाखातर ते चाळीसगावला उतरले. त्यांना महारवाड्यात न्यायला स्टेशनवरचा एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी की, टांगा भाड्याने मिळेल, पण हाकायचा तुमच्याच माणसाने. ज्याने कधी लगाम धरला नव्हता त्याने टांगा हाकला. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा साधा टांगेवालाही स्वतःला श्रेष्ठ समजतो, हे त्यांनी पुढे लिहून ठेवले. या प्रसंगाची दुसरी बाजूही आम्हाला महत्त्वाची वाटते. आपल्या माणसाला टांगा हाकता आला नाही, कारण त्याच्या हाती लगाम कोणी कधी येऊच दिला नव्हता.

आज त्याच खान्देशातली आपली पोरे दहाचाकी आणि बाराचाकी गाड्या हाकतात. साक्री तालुक्यातले, पांझरेच्या काठचे पिंपळनेर घ्या. बाजारपेठेचे गाव. इथला कांदा ट्रक भरभरून बाहेर जातो. गाडी साक्रीला चढली की लागतो तो रस्ता, ज्याला जुने ड्रायव्हर अजूनही 'सहा नंबर' म्हणतात. पश्चिमेला कोंडाईबारीचा घाट उतरून सुरत, पूर्वेला धुळे, जळगाव, नागपूर आणि थेट कोलकाता. धुळ्यालाच मुंबई-आग्रा रस्ता भेटतो. या रस्त्यांवर आपल्या बुद्धवाड्यातली पोरे आहेत, भिल्ल-कोकणी पाड्यावरची आहेत, मोहल्ल्यातली आहेत. शेती नाही, नोकरी नाही, शिक्षण दहावी-बारावीत अडकलेले. अशा पोराला क्लीनर म्हणून गाडीवर चढणे आणि पुढे लायसन काढून ड्रायव्हर होणे, हाच एक रस्ता मोकळा दिसतो. चाळीसगावच्या टांगेवाल्याने नाकारलेला लगाम आपण स्टिअरिंगच्या रूपाने मिळवला, याचा आम्हाला अभिमान आहे. पण अभिमानाच्या पुढे जाऊन एक प्रश्न विचारायला हवा. ज्याच्या हाती स्टिअरिंग आले, त्याच्या हाती हक्क आला काय?

काही वर्षांपूर्वी पिंपळनेर परिसरातली एक भगिनी आमच्या कार्यालयात आली. नवरा पंधरा वर्षे ट्रकवर होता. परराज्यात माल खाली करायला नंबर लागलेला असताना, रात्री केबिनमध्येच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. क्लीनरने सकाळी पाहिले. गाडीच्या मालकाने प्रेत घरी पोचवले, दहनाचा खर्च दिला, आणि पुढे हात झटकले. ती बाई म्हणाली, "भाऊ, मना मालक गाडीवर मरना, आन गाडीना मालक म्हनस तो मना मानूसच नही व्हता."

मालकाचे म्हणणे असे की, हा नेहमीचा ड्रायव्हर नव्हता, एका ट्रिपपुरता बदली बसला होता. खोटे होते, पण खोडून काढायला कागद कुठे होता? नेमणूकपत्र नाही, पगाराची पावती नाही, हजेरी नाही. पगार रोख आणि ट्रिपचा भत्ता रोख. आम्ही त्याची पत्र्याची पेटी उपसायला लावली. त्यात डिझेलच्या चिठ्ठ्या, टोलच्या पावत्या आणि ट्रान्सपोर्टच्या जुन्या बिल्ट्या निघाल्या. काही बिल्ट्यांवर ड्रायव्हर म्हणून त्याची सही होती. त्या सह्यांवर दावा उभा राहिला. पण तारखा पडत राहिल्या, आणि त्या काळात थोरल्या मुलाने शाळा सोडली. आज तो क्लीनर आहे. बापाच्या जागी मुलगा चढला. बाबासाहेबांनी आपल्याला जातीच्या धंद्यातून बाहेर काढले, ते काय अशाच दुसऱ्या वंशपरंपरेसाठी?

कायदाच नाही, असे कोणी म्हणू नये. कामगारांचे भरपाईविषयीचे तत्त्व १९२३ पासून आपल्या कायद्यात आहे. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी. तिथे चूक कोणाची हे पाहिले जात नाही. पंचनाम्यात सगळा दोष ड्रायव्हरवर टाकला, तरी एवढ्याने त्याच्या विधवेचा हक्क जात नाही. तो प्यायला होता असे सांगून बायकांना परत पाठवतात. पण मृत्यू झाला असेल तर तेवढ्या कारणाने भरपाई नाकारता येत नाही. हृदयविकाराचे काय? परमपाल सिंग विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये याचे उत्तर दिले आहे. दिल्लीहून हजारावर किलोमीटर ट्रक नेणाऱ्या ड्रायव्हरला वाटेत त्रास झाला, त्याने गाडी बाजूला घेतली आणि तो मरण पावला. एवढ्या लांबच्या प्रवासाचा ताण विचारात घेऊन न्यायालयाने तो कामाच्या ओघात झालेला अपघात मानला आणि भरपाई दिली. पण ही सगळी दारे उघडायची किल्ली एकच, तो त्या मालकाचा ड्रायव्हर होता हा पुरावा.

कामाच्या तासांचेही तसेच. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी आठ तासांच्या दिवसाचा आग्रह धरला, आणि १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. हे कारखान्याच्या भिंतीच्या आतले झाले. रस्त्यावरच्या कामगारासाठी १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा आला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. लांबच्या मार्गावर परवानगीने जास्तीत जास्त दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्याला सुट्टी, भरपगारी रजा. वाचताना छाती फुगते. मात्र हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. ज्याच्याकडे एक ट्रक, एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर आहे, असा मालक त्याच्या बाहेर. आणि आपली बहुतेक पोरे अशाच मालकांकडे कामाला आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९६१ चा कायदा त्यात विलीन झाला आणि नव्या संहितेत आस्थापनेची मर्यादा साधारणपणे दहा कामगारांची आहे. पाचाचे दहा झाले! म्हणजे जाळीची भोके आणखी मोठी झाली, आणि मासा तर आधीच बाहेर होता.

तरीही एक कलम आम्ही आमच्या तरुण वकील मित्रांच्या नजरेस आणून देऊ इच्छितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ९१. व्यावसायिक वाहन चालवण्यासाठी नेमलेल्या कोणत्याही व्यक्तीचे कामाचे तास १९६१ च्या कायद्यात सांगितल्याप्रमाणे असतील, असे ते कलम म्हणते. 'कोणत्याही व्यक्तीचे'. तिथे पाचाची अट नाही आणि दहाचीही नाही. रद्द झालेल्या कायद्याचा असा उल्लेख नव्या कायद्याला लागू समजावा, हे जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ८ चे तत्त्व आहे. एवढेच नाही, तर तास आधी ठरवून त्यांची नोंद ठेवायला राज्य सरकार मालकांना भाग पाडू शकते, अशी तरतूदही कलम ९१ मध्येच आहे. मग ड्रायव्हरचा ओव्हरलोड तपासणारे, कागद तपासणारे नाक्यावरचे अधिकारी त्याची झोप का तपासत नाहीत? तू किती तास गाडीवर आहेस, हे त्याला कोणी का विचारत नाही?

सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये ट्रकचालकांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. सरासरी जवळपास बारा तास आणि ४१७ किलोमीटर, हा एका चालकाचा दिवस. आपल्या नात्यातल्या कोणी या धंद्यात यावे, असे ८४ टक्के चालकांना वाटत नाही. बारा तास हे चाकावरचे. भरायला-उतरवायला नंबर लावून थांबणे, ताडपत्री-रस्से आवळणे, रात्री डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून अर्धे डोळे उघडे ठेवणे, हे हिशेबात नाही. अपघात झाला की मात्र हिशेब एका क्षणात होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली गेली. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरच्या चालकांनी चाके थांबवली, तेव्हा सरकारला बोलणी करावी लागली, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली ती हे पोटकलम बाजूला ठेवून. अपघातग्रस्ताला सोडून पळणे आम्ही कधीही समर्थनीय मानणार नाही. करुणा हा आपल्या धम्माचा पाया आहे. पण शिक्षा द्यायची तर ड्रायव्हर लगेच सापडतो आणि हक्क द्यायचा तर सापडत नाही, हा कुठला न्याय?

आणि घर? घर बाईच चालवते. शाळेचा दाखला, रेशन, सासूचे दवाखाने, पोरीच्या स्थळाची बोलणी, सगळे ती एकटी निभावते. नवरा महिन्यातून तीन-चार दिवस येतो, त्यातला एक दिवस झोपेत जातो. धाकटे पोर त्याला फोनवर ओळखते आणि दारात उभा राहिला की आईच्या पदराआड लपते. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते तेव्हा तो नागपूरच्या पुढे असतो. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. त्या आठवणीत दरवर्षी तिथे यात्रा भरते. याच रस्त्याने आपला ड्रायव्हर जातो, केबिनमधल्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडतो आणि पुढे निघतो. थांबला तर माल पोचायला उशीर होतो आणि भत्ता कापला जातो. मग चळवळीत दिसत नाही म्हणून आपणच त्याला नावे ठेवतो. आपण कधी त्याच्यापर्यंत गेलो काय?

तेव्हा आता कृतीचे बोलू. प्रत्येक ड्रायव्हरच्या घरी एक वही असावी. गाडीचा नंबर, मालकाचे नाव, निघाल्याची तारीख-वेळ, कुठून कुठे, पोचल्याची वेळ, मिळालेला पगार आणि भत्ता, सगळे तिच्यात उतरावे. त्याने रस्त्यावरून फोनवर सांगावे, बायकोने किंवा शाळेतल्या पोराने लिहावे. प्रत्येक बिल्टीचा मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवावा. थोडा तरी पगार बँकेत मागावा. गाडीच्या विमा पॉलिसीत पगारी ड्रायव्हरच्या जबाबदारीचा हप्ता भरला आहे की नाही, हे चढण्यापूर्वी पाहावे. ई-श्रमची नोंदणी करावी. आणि काही वाईट घडलेच, तर मालकाने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर दुःखाच्या भरात अंगठा देऊ नये.

दुसरी गोष्ट सरकारकडे मागायची. त्याच ट्रकमध्ये पोती भरणाऱ्या हमालासाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. नोंदणी झाली, मंडळे झाली, मजुरीवर लेव्ही बसली. हमालाचा मालक रोज बदलतो, तरी मंडळ कायम राहते. पोती चढवणाऱ्याला जे मिळाले, ते पोती हजार किलोमीटर नेणाऱ्याला का नको? प्रत्येक बिल्टीवर थोडी लेव्ही घ्या, चालक आणि क्लीनरची नोंदणी करा, त्यातून भरपाई, औषधपाणी आणि मुलांचे शिक्षण चालवा. ही मागणी एका जातीची नाही. स्टिअरिंगवर बसलेल्या सगळ्या बहुजनांची आहे, आणि ती पुढे नेण्याची पात्रता आंबेडकरी चळवळीइतकी कोणाची नाही.

बाबासाहेबांनी वहाणीपासून पाण्यापर्यंतचे आपले हक्क कागदावर आणून भांडले, म्हणून ते टिकले. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे काढा. वस्तीत ड्रायव्हर किती, गाड्या कोणाच्या, वही कोणाच्या घरी आहे आणि कोणाच्या नाही, याची यादी करा. पिंपळनेरच्या त्या भगिनीला पत्र्याच्या पेटीत पुरावा शोधावा लागला. दुसऱ्या कोणत्या भगिनीवर ती वेळ येऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

जयभीम.