‘सडनली’ या शब्दाचा अर्थ

इंग्रजींतील ‘सडनली’ हें क्रियाविशेषण भाषांतरांत आलें म्हणजे पुष्कळ विद्यार्थी त्याचा अर्थ ‘लवकर’ असा करितात. हा अर्थ बरोबर नाहीं. थोड्या वेळांत होणें याला ‘क्विकली’ म्हणतात. ‘सडनली’ म्हणजे ध्यानींमनीं नसतां, पूर्वसूचनेवांचून होणें. ‘ही रोट क्विकली’ म्हणजे त्यानें भराभर लिहिलें. ‘ही स्टॉप्ड सडनली’ म्हणजे थांबेल असें कोणास वाटलें नसतां तो थांबला. आपल्या भाषेंत एकाएकीं, अचानक, अकस्मात् हे त्याचे खरे प्रतिशब्द होत.

यांपैकीं ‘अकस्मात्’ आणि ‘सडनली’ यांची व्युत्पत्ति बोधप्रद आहे. संस्कृतांत ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळें. म्हणून ‘अकस्मात्’ म्हणजे कारणावांचून. ‘सडन’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजींत आला; त्याचें मूळ लॅटिन असून तेथें मूळ धातूचा अर्थ चोरपावलांनीं येणें असाही होता. एक शब्द म्हणतो, कारणच नाहीं. दुसरा म्हणतो, कारण होतें, पण तें लपत आलें.

पूर्वीं एकच असलेल्या व १९८२ सालीं निराळ्या झालेल्या आमच्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या अरण्यांत हा दुसरा अर्थच खरा ठरतो. पावसाळ्यांत भामरागडास आभाळ उघडें असतांही पर्लकोटा नदीस पूर चढतो, आणि आपण म्हणतों, पाणी अकस्मात् आलें. वस्तुतः वर छत्तीसगडच्या मुलुखांत पाऊस आधींच पडून गेलेला असतो. चैत्रांत मोहफुलें वेंचणारा मनुष्य खालीं वाकलेला असतो. त्यास वाघ एकाएकीं दिसतो. परंतु वाघ कधींचा दबत आलेला असतो, आणि पुष्कळदां झाडावरील वानरानें किंवा चितळानें ओरडून तसें कळविलेलेंही असतें.

तात्पर्य, हा शब्द घटनेपेक्षां पाहणाऱ्याच्या स्थितीचेंच वर्णन अधिक करितो. तेव्हां विद्यार्थ्यांनीं निबंधांत तो योजण्यापूर्वीं स्वतःस विचारावें, ‘ही गोष्ट कोणास अनपेक्षित होती?’ त्याचें उत्तर मिळालें, तरच शब्द ठेवावा.

पालकांसही आमची विनंती आहे. मोहफुलांच्या दिवसांत मुलांस एकटें रानांत धाडूं नये. वानरांची व चितळांची भयसूचक हाक त्यांस ओळखावयास शिकवावी, आणि ती कानीं पडतांच टोपली टाकून सर्वांनीं एकत्र मागें फिरावें. ‘सडनली’ हा शब्द वहींत राहिलेलाच बरा.