बिबट्या उचलून नेला, मग हल्ले का वाढले?

अंजूरफाट्याहून चिंचोटीकडे निघालं की गोदामांची रांग विरळ होते आणि कामणच्या आसपास उजव्या हाताला तुंगारेश्वरचे डोंगर दिसू लागतात. डावीकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा नागला भाग, त्यापलीकडे खाडी. अशा पट्ट्यात बिबट्या दिसणं नवल नाही. तो दिसला की पहिली मागणी ठरलेली: पिंजरा लावा, लांब सोडून या. घरात लहान मुलं असणाऱ्यांची ती मागणी मला पूर्ण समजते. पण हा उपाय धोका वाढवतो, हे आकड्यांनिशी दाखवणाऱ्या वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांचं काम भिवंडीकरांनी जाणून घ्यायला हवं.

सुरुवात जुन्नरची. उसाच्या त्या मुलखात 2001 नंतर वनखात्याने मोठ्या संख्येने बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले. त्याआधी तिथे वर्षाला सरासरी 4 माणसांवर हल्ले होत. मोहिमेनंतर ही सरासरी 17 वर गेली. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. पकडलं जाण्याचा ताण आणि अनोळखी मुलूख यांचा यात हात असावा, असं अत्रेय आणि सहकाऱ्यांनी मांडलं. हा निबंध 2011 मध्ये ‘कॉन्झर्वेशन बायोलॉजी’त आला. त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने माणूस-बिबट्या संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सरसकट पकडापकडीला त्यात आळा घातला. एखाद्या संशोधनाचा धोरणाशी इतका थेट संबंध आपल्याकडे क्वचितच दिसतो.

दुसरा धक्का अकोले तालुक्यातून आला. जंगल तुटलं म्हणून बिबटे गावात शिरतात, ही आपली पक्की समजूत. अत्रेय यांनी नगर जिल्ह्यातल्या या तालुक्यात शेतांमध्ये स्वयंचलित कॅमेरे लावले. चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसं, मोठं वन्य भक्ष्य जवळपास नाही, तरी 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस! हे वाट चुकलेले पाहुणे नव्हते. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीत निघालं की खाण्यातला 87 टक्के भाग पाळीव जनावरांचा, त्यातही सर्वाधिक, 39 टक्के, कुत्र्यांचा. कचऱ्याच्या ढिगावर कुत्री पोसली जातात तिथे बिबट्याचं ताटही मांडलेलं असतं.

याच काळात ‘आजोबा’ सगळ्यांना माहीत झाला. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या या बिबट्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. तो कसाऱ्याजवळून रूळ ओलांडत, वसई परिसरातून नागल्याला पोचला. जवळपास 120 किलोमीटरची वाट, आणि वाटेत कोणावर हल्ला नाही. 2011 च्या डिसेंबरात अहमदाबाद महामार्गावर गाडीची धडक बसून तो मेला. कातडीखालच्या चिपमुळे ओळख पटली. 2014 मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही आला.

इथवरचं काम मोजमापाचं. मला स्वतःला मात्र त्यानंतरचा टप्पा अधिक मोलाचा वाटतो, कारण तो माणसांकडे वळतो. रम्या नायर, अत्रेय आणि सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघरमध्ये वाघोबा या देवाची दीडशेच्या आसपास ठाणी नोंदवली आणि वारली कुटुंबांशी बोलून 2021 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. वारली वाघ आणि बिबट्या या दोघांनाही वाघोबाच मानतात. वाघबारसेला पूजा होते. मान दिला तर तो राखण करतो, ही श्रद्धा. या लोकांचंही नुकसान होतं, त्यांना भीतीही वाटते. तरी शेजारी राहण्याची एक जुनी रीत त्यांच्याकडे टिकून आहे. वनखात्याने उपाय ठरवताना ही रीत विचारात घ्यावी, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. भिवंडी तालुक्यातल्या पाड्यांवर वारली आजही राहतात. बिबट्याबाबत बैठक बसेल तेव्हा वनाधिकारी आणि गोदाममालकांबरोबर त्यांनाही बोलवावं.