सहा महिने आईचेच दूध

गाय व्याली की घरात पहिली काळजी वासराची. त्याला चीक पाजला नाही तर ते धरणार नाही, हे कोणा शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. उरलेल्या चिकाचा खरवस करून आपण तो शेजाऱ्यांस वाटतो. परंतु घरची सून बाळंत झाली म्हणजे तिचा तोच पिवळसर चीक 'नासका' ठरवून पुष्कळदा पिळून टाकला जातो, आणि बाळाच्या ओठांस मध किंवा गुळाचे पाणी लावले जाते. वासराच्या बाबतीत जे शहाणपण आपण दाखवितो, ते लेकराच्या वेळी का विसरावे?

१९५६ साली किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघाले, तरी पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील मराठी घरांची सोयरीक तुटली नाही. आजही मुली पहिल्या बाळंतपणास नदीपलीकडच्या माहेरी जातात. माहेरची रीत एक, सासरची दुसरी. बाळंतिणीने ऐकावे कोणाचे? म्हणून दोन्ही घरांस उपयोगी पडतील अशा चार गोष्टी येथे देत आहोत.

पहिली गोष्ट: जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळास अंगावर घ्यावे. चीक थोडाच येतो, पण बाळाचे पोटही इवलेसेच असते. रोगांशी झगडण्याची शक्ती त्यात भरलेली असते. आदिलाबादच्या कडक थंडीत आईच्या उघड्या छातीशी धरलेले बाळ उबदार राहते. शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या मातेनेही शुद्धीवर येताच पाजावयास प्रारंभ करावा.

दुसरी गोष्ट: सहा महिने दुसरे काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. वैशाखातील उन्हात बाळाचा घसा सुकेल या भीतीने आजी प्रेमाने चमचाभर पाणी पाजते. परंतु आईच्या दुधात शेकडा ८७ ते ८८ भाग पाणीच असते. बाळास अधिक वेळा पाजावे, म्हणजे तहान भागते. बाहेरच्या पाण्याने पोट भरते, दूध कमी प्यायले जाते, आणि पाणी दूषित असल्यास हगवण लागते. वर्षाच्या आतील बाळास मध देणे तर धोक्याचे आहे. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र अवश्य द्यावे.

तिसरी गोष्ट पाजण्याच्या रीतीची. बाळाचे तोंड चांगले उघडलेले असावे, हनुवटी स्तनास टेकावी, आणि केवळ बोंडी नव्हे तर भोवतालचा काळसर भागही तोंडात जावा. बोंडीस चिरा पडतात त्या बहुधा चुकीच्या पकडीमुळे. दूध दाटून स्तन ताठले तर वरचेवर पाजावे व हाताने थोडे दूध काढावे. ताप येऊन स्तन लाल झाला तर दवाखाना गाठावा, पण पाजणे थांबवू नये.

चौथी गोष्ट: 'मला दूधच पुरत नाही' ही शंका. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावे. बाळ जितके ओढील तितके दूध वाढते. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाकाठी ६ किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते असे समजावे. वजन अंगणवाडीत करून घ्यावे. सहा महिन्यांनंतर वरणभात, मऊ खिचडी सुरू करावी. पण दोन वर्षांपर्यंत व पुढेही अंगावरचे दूध चालू ठेवावे.

कापूस वेचणीच्या दिवसांत आईस शेतात जावे लागते. शक्य असेल तर बाळास सावलीत जवळ ठेवावे. नाही तर स्वच्छ भांड्यात दूध काढून झाकून ठेवावे. थंडीत ते चार तास टिकते, उन्हाळ्यात त्याहून लवकर वापरावे. ते वाटीचमच्याने पाजावे. बाटली स्वच्छ राहत नाही. डब्यातील दुधाची व बाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नव्हे. एखाद्या मातेस आजारपणामुळे पाजता आले नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वागावे. तिला कोणी दोष देऊ नये.

हे एकट्या आईचे काम नव्हे. नवऱ्याने पाणी भरावे, सासूबाईंनी तिच्या पानात भाकरीबरोबर वरण, पालेभाजी व अंडे वाढावे. प्रायश्चित्तकाळात अंगावर पाजणाऱ्या मातेने उपाशी राहू नये. शंका असल्यास धर्मगुरूंस विचारावे.

मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकातील सात पुत्रांची माता आपल्या धाकट्याला आठवण देते की, तिने त्यास तीन वर्षे दूध पाजले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली सिस्टाईन चॅपेलमध्ये बालकांना बाप्तिस्मा देताना, बाळ भुकेने रडत असेल तर तेथेच पाजण्यास मातांना सांगितले. मग आपल्या देवळात मिस्सेच्या वेळी बाळ रडले, तर मागे वळून कपाळास आठ्या घालू नयेत. त्या माउलीस भिंतीकडेची जागा द्यावी आणि तिच्या लेकराची भूक भागू द्यावी.