तेरडा ओळखायचा कसा? (भागाचा लिखित मजकूर)

आजच्या भागात एकच फूल, तेरडा. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण सगळ्यांनी ऐकलीये, पण रानात तो नेमका ओळखायला सांगितला की बरेच जण नुसतं “गुलाबी फूल” म्हणून मोकळे होतात. रंगावर जाऊ नका. मी स्वतः चार गोष्टी बघतो.

पहिली, खोड. जाड, रसरशीत, पाण्याने भरलेलं. हलकं वाकवलं तरी मोडतं.

दुसरी, पानं. भाल्याच्या पात्यासारखी लांबट, कडेला करवतीसारखे बारीक दाते. आणि महत्त्वाचं म्हणजे ती खोडावर एकाआड एक येतात, समोरासमोर नाही.

तिसरी, फूल. ते पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघतं, एकटं किंवा दोन-तीन मिळून. आता फूल बाजूने बघा. मागे एक बारीक, वाकलेली शेपटी दिसेल. तिला शुंडिका म्हणतात. फुलाचा मध तिच्यात असतो.

चौथी, फळ. टोकाला निमुळतं, अंगावर मऊ लव. पिकलेल्या फळाला बोट लावलं की ते फटकन फुटतं, साली गुंडाळल्या जातात आणि बिया लांब उडतात. या उतावळेपणामुळेच त्याच्या प्रजातीचं (जीनसचं) शास्त्रीय नाव पडलं ‘इम्पेशन्स’. आपला तेरडा म्हणजे ‘इम्पेशन्स बाल्समिना’. लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं नाव.

आता एवढी चिकित्सा कशाला? तर कासच्या पठारावर गुलाबी गालिचा दिसतो ना, त्यातला तेरडा बहुतेक वेळा वेगळा असतो: ‘इम्पेशन्स लावी’. तो बुटका, त्याची पानं समोरासमोर आणि जवळजवळ बिनदेठाची. हा फक्त सह्याद्रीच्या पट्ट्यातच सापडतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. बांधावरचा तेरडा समजून तो कुणी उपटला तर नुकसान मोठं आहे.

कारण दोघंही वर्षायू. म्हणजे पावसात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं. पुढच्या वर्षीचं सगळं काही त्या बियांवरच. बी पडायच्या आधी रोप गेलं, की त्याचा वंशही तिथेच थांबला.

अनेक घरांत गौर म्हणून तेरडा मुळासकट आणतात. जरूर आणा, ती आपली रीत आहे. फक्त बांधावरचा आणा, आणि एका जागेवरची सगळी रोपं उपटू नका. थोडी बियांसाठी राहू द्या. पठारावर मात्र हात लावायचा नाही, पायवाटही सोडायची नाही.

आणि मोबाईल खिशात आहेच, तर तीन फोटो काढा: फूल बाजूने, पानांची मांडणी आणि फळ. नुसत्या समोरून काढलेल्या फोटोवरून ॲपही गोंधळतं.

तुमच्याकडचा तेरडा कुठला निघाला, बघून सांगा. भेटू पुढच्या भागात!