खडी नेली, पाणी कोण भरून देणार?

मुंबईच्या उपनगरांचा विकास म्हटला की उड्डाणपूल आणि टॉवर दाखवले जातात. त्यांच्यातली खडी कुठला डोंगर फोडून आणली, हे कोणी दाखवत नाही. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहा. दगडखाणींनी चहूबाजूंनी खाऊन तिचा नुसता सुळका उरला, तेव्हा २००७ साली महापालिकेने तो वारसा म्हणून जपायला घेतला. चांदिवलीचे डोंगर तर तेवढेही उरले नाहीत. घण मारणारे हात वडारांचे आणि दुष्काळाने गाव सोडलेल्या आमच्या माणसांचे. त्यांची घरे खाणीच्या कडेला. आणि पाणी?

आपल्या काळ्या कातळात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत. पावसाळा सरला की ओढ्याला तेच पुरते. खाण त्या पातळीखाली गेली की पाणी ओढ्याची वाट सोडून खड्ड्यात उतरते. काही पंपाने उपसले जाते, काही उन्हाने उडून जाते. ओढा आटतो, विहीर तळ गाठते. सरकारला स्वामित्वधन मिळाले की कागदावरचा हिशेब पुरा! कायद्याच्या भाषेत खडी हे ‘गौण खनिज’ आहे. तिच्यापायी ज्यांचे पाणी गेले ती माणसेही गौणच.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात हा हिशेब निराळा झाला. तिथे नदीकाठची खडी काढताना भूजल उघडे पडते आणि खाणीचे तळे होते. त्या तळ्यातून जेवढे पाणी उन्हाने उडते तेवढे नदीचे कमी होते. १९८८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे नुकसान मोजायला लावले, १९८९ साली कायदा झाला. आता खाणवाल्याला तेवढे पाणी दुसरीकडून विकत घेऊन किंवा साठवलेले सोडून नदीला परत द्यावे लागते. हे काही तिथल्या भांडवलदाराच्या दयाळूपणामुळे घडलेले नाही. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांचे पाण्यावरचे हक्क तिथे दप्तरी नोंदलेले होते, म्हणून घडले.

आमच्या वस्तीचा ओढ्यावरचा हक्क कोणी नोंदला? नोंद नाही म्हणून नुकसान नाही, आणि नुकसान नाही म्हणून भरपाई नाही. पाण्याच्या हक्काची लढाई कागदावरही लढावी लागते, हे बाबासाहेबांनी महाडला दाखवले. १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर सवर्णांनी तळे खासगी असल्याचा दावा लावला. बाबासाहेब तो दावा वर्षानुवर्षे लढले आणि १९३७ साली उच्च न्यायालयात जिंकले. सत्याग्रह आपण दरवर्षी आठवतो, दावा फारसा आठवत नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की बेकायदा झोपडीत राहणाऱ्यालाही पाणी नाकारता येणार नाही, तो कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हा मोठा विजय होता. पण नळाला येणारे पाणी कुठले? बहुतेक भातसा, तानसा, वैतरणेचे. राष्ट्रीय उद्यानातून उठवलेली कुटुंबे ज्या चांदिवलीच्या जुन्या खाणीवर वसवली, त्या संघर्षनगरालाही तेच. आणि भातसा-तानसाची धरणे उरावर घेतलेल्या शहापूरचे आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. इथला झरा मारायचा आणि तिथल्याच्या घशातले पाणी इथे आणायचे, याला आम्ही भरपाई म्हणत नाही.

मुंबईला लागणाऱ्या खडीसाठी आता ठाणे, पालघर, रायगडचे डोंगर फुटत आहेत. पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरण परवानगी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये बजावले. २०१५ च्या दुरुस्तीने खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी आला आणि त्याच्या खर्चात पिण्याचे पाणी अग्रक्रमावर आहे. पण बाधित कोण, हे ठरवायला पुन्हा नोंदच लागते. तेव्हा तिथल्या कार्यकर्त्यांनी सुरुंगाची वाट पाहू नये. एक साधी वही करावी : कोणता झरा, कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, किती घरे त्यावर हंडे भरतात. ग्रामसभेच्या ठरावात ती यादी घालावी आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या खनिकर्म शाखेत देऊन पोच घ्यावी.