अर्ज तर केला, पुढे काय?

ग्रंथपालाच्या नोकरीसाठी अर्ज पाठवून गप्प बसणे चूक आणि रोज फोन करणेही चूक. मग चौकशी करायची तरी कशी?

ग्रंथालयशास्त्राची पदवी हाती आली, जाहिरात पाहून अर्जही केला. आता उरते ते वाट पाहणे. महिना जातो, दोन महिने जातात. घरचे विचारतात, ‘‘काय गं, आलं का काही उत्तर?’’ शेजारी सल्ला देतात, ‘‘ओळख काढा, नाहीतर काही व्हायचं नाही.’’ अशा वेळी काही उमेदवार ‘नशिबात असेल तर बोलावतील’ म्हणून स्वस्थ बसतात. काही जण मात्र इतके फोन करतात की नाव ऐकताच कारकून वैतागतो.

वास्तविक अर्जाची चौकशी करणे म्हणजे गयावया करणे नव्हे. नोंदी नीट ठेवणे आणि योग्य माणसाला नेमके विचारणे हेच तर ग्रंथपालाचे काम असते. ते तुम्हाला जमते की नाही, हे तुमच्या चौकशीवरूनच समोरच्याला कळते.

आधी नोंद, मग चौकशी

प्रत्येक अर्जासाठी वहीचे एक पान ठेवा. जाहिरातीचा क्रमांक, पदाचे नाव, शेवटची तारीख, अर्ज क्रमांक आणि शुल्काची पावती यांची तिथे नोंद करा. अर्ज स्वतः नेऊन दिला असेल तर आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. स्पीड पोस्टाने पाठवला असेल तर पावती जपून ठेवा. ‘‘मी मागे अर्ज केला होता’’ असे सांगणाऱ्याला कारकून काय उत्तर देणार? तोच आवक क्रमांक सांगितला की कागद सापडतो.

विवाहित मुलींनी आणखी एक काळजी घ्यावी. पदवी माहेरच्या नावाची, अर्ज सासरच्या नावाने आणि पत्ता तिसराच, असा घोळ बऱ्याचदा होतो. मुलाखतीचे पत्र जुन्या पत्त्यावर जाते आणि हाती पडेपर्यंत तारीख उलटून जाते. म्हणून नावबदलाचा पुरावा तयार ठेवा. पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बदलला तर अर्ज क्रमांकासह ताबडतोब कळवा.

जसे दार, तशी चौकशी

सरकारी खाती, केंद्रीय विद्यालये किंवा विद्यापीठे यांच्या भरतीत फोनाफोनीचा फारसा उपयोग नसतो. परीक्षेची तारीख, प्रवेशपत्र, निकाल सारे संकेतस्थळावर येते. आठवड्यातून एकदा ते पाहा, ईमेलचा नको असलेल्या पत्रांचा कप्पाही उघडून बघा. इथे शिफारस आणण्याच्या फंदात पडू नका. दबाव आणणारा उमेदवार अपात्र ठरेल, असे अनेक जाहिरातींत स्पष्ट लिहिलेले असते. खूप काळ काहीच कळले नाही तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयात 10 रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि साधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. प्रश्न मात्र नेमका हवा. ‘माझी निवड का झाली नाही?’ असे न विचारता स्वतःचे गुण, शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे गुण आणि भरलेल्या जागांची संख्या विचारा.

खासगी शाळा-महाविद्यालयांत निर्णय मुख्याध्यापक, प्राचार्य आणि संस्थाचालक मिळून घेतात. शेवटच्या तारखेनंतर दोन-तीन आठवडे थांबून एक छोटे पत्र किंवा ईमेल पाठवावा. उदाहरणार्थ –

‘महोदय, आपल्या महाविद्यालयातील ग्रंथपाल पदासाठी मी अर्ज केला आहे. आवक क्रमांक व तारीख सोबत दिली आहे. मुलाखती केव्हा होतील, हे कळल्यास उपकृत होईन. काही कागदपत्रे कमी असल्यास लगेच सादर करीन.’

एवढे पुरे. घरच्या अडचणींचा पाढा वाचू नये. उत्तर आले नाही तर आणखी दोन-तीन आठवड्यांनी कामाच्या वेळेत एक फोन करा, पण शाळा सुटण्याच्या गडबडीत नको.

गावोगावची सार्वजनिक वाचनालये हे तिसरे दार. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळते, पण कारभार कार्यकारी मंडळ पाहते. नेमणूक मंडळाच्या बैठकीत ठरते, म्हणून उत्तराला उशीर लागतो. इथे कार्यवाहांना प्रत्यक्ष भेटणे योग्य. पुढची बैठक केव्हा आहे, एवढे विचारा. मानधन किती आणि ते दरमहा मिळते की अनुदान आल्यावर, हेही नेमणुकीपूर्वीच विचारून घ्या. त्यात संकोच कसला?

मधला काळ वाया घालवू नका

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक होते. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपाल पदासाठी सुमारे 900 अर्ज आले होते, असे सांगतात. रंगनाथन यांनी मुलाखतीआधी विश्वकोशातला ग्रंथालयांवरचा लेख वाचून काढला. 1924 मध्ये ते त्या पदावर रुजू झाले.

तुम्हीही वाट पाहता पाहता कोहा किंवा ई-ग्रंथालय यांसारख्या संगणक प्रणालीवर हात बसवा. जवळच्या वाचनालयात काही दिवस ग्रंथनोंदणीचे काम करा. खासगी संस्थेला पाठवायच्या पत्रात अशी नवी गोष्ट जरूर लिहावी. सरकारी भरतीत मात्र शेवटच्या तारखेपर्यंतची पात्रताच सहसा धरली जाते.

नकार आला तरी...

निवड झाली नाही तर प्रतीक्षा यादीत नाव आहे का आणि तिची मुदत किती, हे पाहा. निवडलेला उमेदवार रुजू झाला नाही तर पुढच्याला बोलावणे येते. खासगी संस्थेला दोन ओळींचे आभारपत्र पाठवा. पुढच्या जागेच्या वेळी तुमचे नाव आठवण्याची शक्यता वाढते. ‘‘तुमचं काम करून देतो’’ म्हणत पैसे मागणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

शिवाय एकाच अर्जावर वर्ष घालवू नका. वयोमर्यादा कोणासाठी थांबत नाही. एका जागेची चौकशी चालू असतानाच पुढच्या जाहिरातीचा अर्ज भरून मोकळे व्हा आणि वहीत नवे पान उघडा.