रोजच्या जेवणाची नोंद

घरखर्चाचा हिशेब लिहून ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. वाण्याची उधारी, दुधाचा रतीब, परटाकडे दिलेले कपडे, यांची नोंद बहुतेक घरांतून कोणीतरी करीतच असतें. परंतु ज्या अन्नासाठीं हा खर्च मुख्यतः होतो, तें अन्न रोज दुपारीं कोणाच्या ताटांत किती पडलें, याची नोंद ठेवणारें घर क्वचितच आढळेल. पाडव्याला श्रीखंड होतें हें सर्वांना आठवतें. गेल्या मंगळवारीं दुपारीं काय होतें, असें विचारल्यास मात्र चटकन् उत्तर येत नाहीं. सणाचें जेवण वेगळें म्हणून लक्षांत राहतें, आणि रोजचें जेवण रोजचें म्हणूनच विसरलें जातें. वर्षांतून पंधरावीस दिवस सणांचे धरले, तरी बाकीचे साडेतीनशें दिवस शरीराचें पोषण ह्या विसरलेल्या जेवणांवरच होत असतें. म्हणून हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

अन्नाविषयीं तीन निरनिराळ्या गोष्टी लिहून ठेवतां येतात. किती खावें हें लिहिणें ही पहिली. किती आणलें हें लिहिणें ही दुसरी. आणि प्रत्यक्ष किती खाल्लें हें लिहिणें ही तिसरी. पहिल्या प्रकाराचें उत्तम उदाहरण कौटिलीय अर्थशास्त्रांत आहे. एका आर्य पुरुषाच्या एका जेवणासाठीं न मोडलेला, स्वच्छ तांदूळ एक प्रस्थ, त्याच्या चतुर्थांश वरण, आणि वरणाच्या चतुर्थांश तूप किंवा तेल, असें माप तेथें घालून दिलें आहे. दुसऱ्या प्रकारासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. पेशवे दफ्तरांतील रोजकीर्दींत दररोजचा जमाखर्च तारीखवार मांडलेला आहे. अशा जमाखर्चावरून पैसा कोठें गेला हें समजतें. घास कोणाच्या मुखीं गेला हें समजत नाहीं. तें समजण्यास तिसऱ्या प्रकारची नोंदच पाहिजे, आणि तीच सर्वांत विरळा असते.

ह्या तिसऱ्या प्रकाराची एक करुण कथा अठराव्या शतकांतील आहे. विल्यम स्टार्क नांवाच्या एका तरुण इंग्रज वैद्यानें सन १७६९ च्या जून महिन्यांत स्वतःच्या शरीरावर आहाराचे प्रयोग आरंभिले. प्रथम केवळ पाव, पाणी व थोडी साखर. मग त्यांत क्रमाक्रमानें ऑलिव्हचें तेल, दूध, मांस, अंजीर असे पदार्थ एकेक करून मिळवावयाचे, असा त्याचा बेत होता. रोज काय व किती खाल्लें, स्वतःचें वजन किती भरलें, हवामान कसें होतें, हें सर्व तो काळजीपूर्वक लिहीत असे. त्याच्या हिरड्या सुजल्या, शक्ति खालावली. तेंही त्यानें लिहून ठेवलें. ताजीं फळें व भाज्या यांची पाळी मात्र त्यानें फार मागें ठेविली होती. ती येण्यापूर्वींच, सन १७७० च्या फेब्रुवारींत, वयाच्या तिशीच्या आंत तो मरण पावला. त्याचीं टिपणें सन १७८८ मध्यें छापून निघालीं. ताज्या फळांच्या अभावीं होणारा स्कर्व्ही हाच त्याचा रोग असावा, असें पुढील अभ्यासकांचें मत आहे. लिंबू व संत्रें यांनीं हा रोग बरा होतो, हें जेम्स लिंड यानें सन १७५३ मध्येंच ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें होतें. स्टार्कची वही प्रामाणिक होती. परंतु ताटांत काय नाहीं, ह्या दृष्टीनें ती वेळेवर वाचली गेली नाहीं. तेव्हां नोंद लिहिणें हें अर्धेंच काम झालें, ती वाचणें हें उरलेलें अर्धें.

आपल्या देशांत ह्या कामाला शास्त्रीय वळण लागलें तें विसाव्या शतकांत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें सन १९७२ मध्यें नॅशनल न्यूट्रिशन मॉनिटरिंग ब्यूरो ही यंत्रणा उभारली, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या देखरेखीखालीं ती सन २०१५ पर्यंत चालली. तिचे कार्यकर्ते ठराविक मापाच्या वाट्या बरोबर घेऊन घरोघर जात, आणि मागील चोवीस तासांत कोणीं काय खाल्लें हें गृहिणीला विचारून लिहून घेत. चोवीस तासच कां? कारण त्यापलीकडची आठवण भरंवशाची राहत नाहीं. आणि वाट्या कशाला? कारण “थोडी आमटी” ह्या शब्दांचा अर्थ प्रत्येक घरीं निराळा असतो. वाटी पुढें ठेवली म्हणजे हात आपोआप खरें माप दाखवितो. ह्या पाहणींतून वारंवार दिसून आलें तें असें, कीं गांवोगांवच्या ताटांत धान्याचा भाग मोठा. डाळी, दूध आणि विशेषतः हिरव्या पालेभाज्या यांचा भाग मात्र फार लहान.

हीच रीत घरच्या घरीं पाळावयाची झाल्यास एक साधी वही पुरे. प्रथम घरांतील नेहमींच्या वाटींत व पळींत किती पाणी मावतें तें एकदां मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहावें. मग रोजच्या पानावर तारीख, जेवणाची वेळ, पदार्थ, आणि घरगुती माप, म्हणजे इतक्या भाकऱ्या, इतक्या वाट्या, इतकें लिहिलें कीं झालें. नोंद जेवण होतांच करावी. रात्रीं आठवून लिहिलेल्या नोंदींत चटणी, ताक, लोणचें हटकून गळतात. “भाजी” असा मोघम शब्द लिहूं नये. मेथी, वांगें, बटाटा, जें असेल तेंच लिहावें.

समजा, देशावरील एखाद्या घरच्या वहींत एका आठवड्याच्या दुपारच्या जेवणांची अशी नोंद आहे: सोमवारीं भाकरी, पिठलें व कांदा, मंगळवारीं पोळी व बटाट्याची भाजी, बुधवारीं भात व आमटी, गुरुवारीं पुन्हा पोळी व बटाटा, शुक्रवारीं भाकरी व झुणका, शनिवारीं खिचडी व पापड, रविवारीं पोळी व मटकीची उसळ. “आमच्याकडे रोज भाजी असते” असें त्या घरांत कोणीही खरेपणानें सांगेल. पण वही सांगते, कीं सात दिवसांत पालेभाजी एकदांही झाली नाहीं, आणि भाजी म्हणून जो बटाटा आला तो बहुतांशीं पिष्टमयच. राष्ट्रीय पोषण संस्थेनें सन २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत दोन हजार किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारांत भाज्या ४०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम आणि डाळी ८५ ग्रॅम असें प्रमाण दिलें आहे. त्याच्याशीं वहीचें पान ताडून पाहिलें, म्हणजे उणीव कोठें आहे हें दुसऱ्या कोणी सांगावें लागत नाहीं. डाळीच्या बाबतींत त्या घराची फारशी तक्रार नाहीं. चूक आहे ती मंडईच्या पिशवींत.

परंतु ह्या वहीचा खरा उपयोग याहून पुढचा आहे. स्वयंपाकघरांत काय शिजलें एवढेंच लिहिलें, तर सर्व घर एकच जेवण जेवतें असें वाटतें. प्रत्यक्षांत पहिली पंगत कर्त्या पुरुषांची व मुलांची, आणि शेवटीं भांडीं पुसून जेवणारी ती घरची स्त्री, हा क्रम अजूनही पुष्कळ घरांतून चालतो. तिच्या वाट्याला आमटीचा तळ, सकाळची भाकरी आणि उरली तर भाजी येते; संपली तर चटणी. तिची तक्रार नसते, कारण हें असेंच चालावयाचें असें तिनेंही धरून ठेविलेलें असतें. म्हणून वहींत प्रत्येक माणसाचा रकाना निराळा असावा. पंधरा दिवसांनीं पान उलटून पाहतां एकाच्या रकान्यांत रोज वाटीभर डाळ आणि दुसरीच्या रकान्यांत रोज “चटणी-भाकरी” असें दिसलें, तर पुढें व्याख्यानाची जरुरी राहत नाहीं. आमटी पंक्तीच्या आधींच सर्वांसाठीं वाट्यांतून काढून ठेवणें, किंवा सर्वांनीं एकदम बसणें, हे उपाय बिनखर्चाचे आहेत. अपुऱ्या अन्नानें रक्त कमी झालेल्या स्त्रीला थकवा कां येतो, याचें उत्तर पुष्कळदां अशा एका रकान्यांत सांपडतें. औषधोपचार वैद्याच्या सल्ल्यानें करावा हें खरें. परंतु वैद्यालाही ती वही दाखविली तर त्याचें काम सोपें होतें.

घराबाहेर दुपारच्या जेवणाची नोंद सर्वांत मोठ्या प्रमाणावर होते ती शाळेंत. केंद्र सरकारची मध्यान्ह भोजनाची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झाली. शिजविलेलेंच अन्न द्यावें असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २८ नोव्हेंबर २००१ रोजीं दिला. प्राथमिक वर्गांतील मुलाला रोज धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम व भाजी ५० ग्रॅम, आणि उच्च प्राथमिक वर्गांत अनुक्रमें १५०, ३० व ७५ ग्रॅम, असें तिचें प्रमाण आहे. शाळेंत ह्या जेवणाच्या नोंदी ठेवाव्या लागतात, आणि मुलांना वाढण्यापूर्वीं शिक्षकानें अन्नाची चव घ्यावी असाही नियम आहे. हा उपचार नव्हे. १६ जुलै २०१३ रोजीं बिहारांतील सारण जिल्ह्यांत गंडामन येथील शाळेंत कीटकनाशक मिसळलेल्या तेलाचें अन्न खाऊन २३ मुलें दगावलीं. चव न घेतां चवीच्या नोंदवहींत सही करणें म्हणजे काय, हें त्या दिवसावरून समजावें. हजेरी साठांची आणि जेवलेलीं मुलें पन्नास असतील, तर पन्नासच लिहावें. न जेवलेल्या दहांचें कारण शोधणें हेंच त्या आंकड्याचें प्रयोजन.

शेवटीं दोन पथ्यें सांगणें अवश्य आहे. एक, नोंद करूं लागतांच माणूस खाण्यांत फेरफार करूं लागतो, किंवा खाल्लेलें थोडें कमी करून लिहितो. हा मनुष्यस्वभाव आहे. पहिल्या आठवड्याच्या पानांवर म्हणूनच फारसें विसंबूं नये. दोन, वही हें दोष देण्याचें साधन करूं नये. मुलानें काय टाकलें हें लिहावें, पण तें वाचून त्याला ताटावर रागावूं नये. आणि घांसाघांसाचें वजन करण्याच्या नादीं तर मुळींच लागूं नये. वर्षभर लिहिणें न जमल्यास ऋतुमानाप्रमाणें तीन वेळां, पावसाळ्यांत, हिवाळ्यांत व उन्हाळ्यांत, पंधरा-पंधरा दिवस लिहावें. भाज्या कधीं महागतात, ताक कधीं आटतें आणि त्या वेळीं घरांतील कोणाचें ताट आधीं रिकामें होतें, एवढें जरी त्यांतून कळलें, तरी वहीची किंमत वसूल झाली असें समजावें.